मोठो म्हणजे खयचो?

लॅपटॉप कुठला घ्यावा हे कोणी देवाला विचारतं का, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर विहीर कुठे खणावी ते देवाला विचारतात, पोरीला आलेलं स्थळ देवाच्या कानावर घालतात, नवी होडी कुठल्या दिवशी पाण्यात ढकलावी तेही देवच सांगतो. मग लॅपटॉपानेच काय घोडं मारलंय? अट एकच. विचारलं की ऐकायचं. विचारून मोडायचं नाही. ज्याने मोडलं त्याच्या घरी पुढे काय काय झालं, याच्या गोष्टी वाडीत पोरांना पेजेबरोबर भरवतात. म्हणून तर माणसं देवाला विचारताना शंभरदा विचार करतात.

संचिता काही तशी देवभोळी नव्हती. कुडाळला राहून ती कॉम्प्युटरवर घरांची चित्रं काढायला शिकली होती. घर बांधायच्या आधीच ते बांधल्यावर कसं दिसेल, ओटीवर ऊन कुठून येईल, अशी चित्रं. बघणाऱ्याला वाटावं फोटोच काढलाय. गोव्यात म्हापशाच्या एका ऑफिसाने तिला काम देऊ केलं होतं. साहेबाचं म्हणणं सरळ होतं. तुझ्याकडे ताकदीचा लॅपटॉप असेल तर घरी बसून चित्रं कर, आमची ना नाही. साधा असेल तर त्यावर साधे आराखडे तेवढे होतील, चित्रं करायला इथे येऊन आमच्या मशीनवर बसावं लागेल. म्हणजे मुक्काम म्हापशाला.

ताकदीचा लॅपटॉप घ्यायचा तर घरात होतं नव्हतं ते सगळं लागणार होतं. आणि ते होतं नव्हतं म्हणजे तिच्या बापाने, बाबलीने, होडीच्या इंजिनासाठी बाजूला टाकलेले पैसे. इंजिन म्हातारं झालेलं. दोरी ओढली की आधी खोकायचं, मग रुसायचं, मग कधी तरी सुरू व्हायचं. साधा लॅपटॉप घेतला तर इंजिनाचीही दुरुस्ती होणार होती. ताकदीचा घेतला तर इंजिनाने अजून एक हंगाम खोकत काढायचा.

"काय करूया?" संचिताने विचारलं.

बाबलीने बायकोकडे, यशोदेकडे पाहिलं. यशोदेने पाटीतल्या माशांकडे पाहिलं. शेवटी बाबली म्हणाला, "देवाक विचारूया. तो काय सांगात ता खरा."

झालं. सोमवारी सकाळी तिघं रवळनाथाच्या देवळात.

कौल लावायची रीत साधी असते. देवाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देव होय म्हणाला. डावीकडची पडली तर नाही. हरिश्चंद्र गुरवाने पाकळ्या लावल्या, पंच्याला हात पुसले आणि बाबलीला विचारलं, "काय म्हणान सांगू देवाक?"

बाबलीची पंचाईत झाली. रॅम, प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, पोरीने सांगितलेलं सगळं त्याच्या डोक्यावरून गेलेलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "एक मोठो आसा नि एक ल्हान आसा. मोठो घेवचो काय, ता विचार."

संचिता मागे उभी होती. तिने ऐकलं. बाबाला महागडा म्हणायचं आहे, हे तिला कळलं, आणि देवालाही कळेलच की, असं तिला वाटलं. तिने बाबाचा शब्द सुधारला नाही.

"बा देवा म्हाराजा!" गुरवाने आवाज लावला. "आज ह्या बाबलीन तुझ्या पायाकडे गाऱ्हाणा घातल्यान हा. तेच्या चेडवाक, संचिताक, कामाधंद्याक लापटाप घेवचो आसा. एक मोठो, एक ल्हान. मोठो घेवक तुझी परवानगी आसात, तर उजवी दी! चेडवाचा बरा कर, घरादाराची राखण कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" बाबली आणि यशोदा एका सुरात म्हणाली. संचिताने हसू ओठात दाबलं.

उजवी पाकळी टपकन पडली. इतकी पटकन, की गुरवसुद्धा "अरे वा" म्हणाला. बाबलीच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते काही लॅपटॉपासाठी नव्हतं. पोर घरात राहणार होती. दोन दिवस तो माणूस वाडीभर सांगत सुटला, "देवान मोठो सांगल्यान!"

बुधवारी यशोदा आणि संचिता कुडाळला गेल्या. दुकानातला रविराज ओळखीतला पोरगा. त्याने दोन्ही लॅपटॉप काचेवर शेजारी शेजारी मांडले.

एक चांगला ऐसपैस होता, भाकरी थापायच्या परातीएवढा. दुसरा त्याच्यापुढे आटोपशीर, शाळेच्या पिशवीत मावेलसा.

"हो मोठो तो आमचो मा?" यशोदेने ऐसपैसवर बोट ठेवलं.

"नाय ओ काकी," रविराज हसला. "हो स्वस्तातलो. नुसती स्क्रीन मोठी, आत दम नाय. संचिताक होयो तो हो बारको. हेच्यात सगळी ताकद."

यशोदेचा चेहराच उतरला. तिने संचिताचा दंड धरला आणि तिला दारापाशी नेलं. "गो, देवान काय सांगल्यान? मोठो. आणि मोठो तर हो स्वस्तातलो आसा."

"आये, मोठो म्हणजे ताकदीन मोठो. बाबाक ताच म्हणाचा हुता."

"बाबाक काय म्हणाचा हुता ता बाबाक म्हायत. देवाक आमी काय सांगलाव? मोठो नि ल्हान. गुरवाच्या तोंडात दुसरो शब्द नाय हुतो."

"देवाक कळणा नाय काय?"

"देवाक कळता म्हणानच तर भिया वाटता माका!"

संचिताला राग आला. राग आला की माणूस भीती विसरतं, हे बरं असतं. ती परत काचेपाशी गेली आणि बारका लॅपटॉप बांधायला सांगितला. एसटीतून उतरून घराच्या पायरीशी आल्यावर यशोदा म्हणाली, "बापाशीक उघडून दाखव नको. इतक्यात तरी नको."

पण यशोदेच्या पोटात काही राहतंय का? बाबली समुद्रावरून आला, हात धुतले आणि लहान पोरासारखा म्हणाला, "खंय तो मोठो? बगूया तरी." संचिताने लॅपटॉप पुढे ठेवला. बाबलीने तो दोन्ही हातांनी उचलला, उलटा केला, सुलटा केला.

"हो मोठो?"

"ताकदीन मोठो आसा, बाबा."

आणि यशोदा रडायलाच लागली. दुकानात ऐसपैस दुसराच होता, स्वस्तातला होता, मी पोरीला सांगत होते, सगळं बाहेर पडलं. बाबलीने लॅपटॉप हळूच खाली ठेवला. रागावला असता तर बरं झालं असतं. चार शिव्या घातल्या असत्या तर संचिता उलट बोलली असती, भांडण झालं असतं, मिटलं असतं. त्याने फक्त विचारलं, "म्हणजे देवान सांगलेलो तो खयचो?"

तिघंही जेवली, पण माशाचा काटा काढायचंसुद्धा भान कोणाला राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबली नेहमीसारखा पहाटे गेला. सोबतीचा बाळा तापाने फणफणलेला, म्हणून एकटाच. जवळच टाकलेली जाळी ओढायची आणि यायचं, एवढंच काम. उन्हं माडांच्या शेंड्यावरून खाली उतरायच्या आत तो रोज परत यायचा.

संचिता लॅपटॉप उघडून बसली. काय सांगू, ते यंत्र म्हणजे यंत्र होतं! जुन्या उसन्या लॅपटॉपवर जे चित्र घुरघुरत अर्ध्यावर बंद पडायचं, ते इथे बघता बघता उमटलं. ओटी, ओटीवरचं ऊन, भिंतीवर माडाची सावली. तिला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात आई मागच्या दारी म्हणाली, "अजून येवक नाय ते." आणि तो आनंद जागच्या जागी विरला.

"येतीत गो. जाळा अडाकला आसतला."

"मतलई अजून पडाक नाय, बगितलंस?"

मतलई म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे सुटणारा पहाटेचा वारा. एरवी तो ऊन चढलं की पडतो. आज दुपार कलायला आली तरी माडांच्या झावळ्या समुद्राकडेच वाकलेल्या होत्या. इंजिन बंद पडलेली होडी अशा वाऱ्यात किनाऱ्याकडे येत नाही. ती बाहेर जाते. आणखी बाहेर जाते. हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि संचिता तर कोळणीच्या पोटची. तिने फोन लावला. लागला नाही. परत लावला. परत लागला नाही.

शेजारचा सहदेव आपली होडी काढून शोधायला गेला. यशोदा वाळूत जाऊन बसली. संचिता तिच्याजवळ उभी राहिली, आणि तिथे उभ्या उभ्या तिच्या मनात एक गोष्ट आली.

देवाने मोठो सांगितला होता. ऐसपैस, स्वस्तातला. तो घेतला असता तर पैसे उरले असते. पैसे उरले असते तर इंजिन दुरुस्त झालं असतं. इंजिन दुरुस्त झालं असतं तर बाबा आत्ता पडवीत बसून पेज पीत असता. देव काही कोड्यात बोलला नव्हता. सरळ बोलला होता. अर्थ काढायचा शहाणपणा तिने केला होता.

तिची पाचावर धारण बसली. हसू ओठात दाबणारी ती पोरगी, तिला आता समुद्राकडे बघवेना. तिने तिथूनच रविराजला फोन लावला. "कालचो लॅपटॉप बदलून देशीत? तो दुसरो, मोठो. थोडे पैसे कापून घी. पण देशीत मा? सांग." रविराज म्हणाला, देईन, पण झालंय काय? तिने फोन ठेवला आणि देवळाकडे धावत सुटली.

हरिश्चंद्र गुरव सभामंडप झाडत होता. ती पायरीशीच बसली, धाप टाकत म्हणाली, "गुरवकाका, देवाक सांगा. चूक माझी आसा. मी मोठो घेतंय, उद्याच्या उद्या घेतंय. बाबाक परत हाडा म्हणान सांगा."

गुरवाने झाडू बाजूला ठेवला. त्याचा चेहरा बघून संचिता आणखीच घाबरली.

"बाबली येवन गेलो पाटे," तो म्हणाला. "दरयात जावच्या आधी. नारळ ठेवल्यान. माका म्हणालो, गाऱ्हाणा घाल."

"काय म्हणाले?"

"म्हणालो, कौल मोडलो तो मी मोडलंय, चेडवान न्हय. काय राग आसात तो माझ्यार काढ. चेडवाच्या केसाक धक्को लागाक नको." गुरवाने देवाकडे पाहिलं. "मी तेका म्हटलंय, बाबल्या, असा बोला नको रे. देव ऐकता. तर म्हणालो, ऐकूकच होया."

बाबा समुद्रावर मासे मारायला गेला नव्हता. तो देवाचा राग अंगावर घ्यायला गेला होता, तेही खोकणारं इंजिन घेऊन, एकटा, मतलईत. ती देवापुढे डोकं टेकायला गेली आणि तिला सुचेचना, काय मागायचं ते. बाबाने मागितलेलं देऊ नको, असं मागायचं? बापाचं गाऱ्हाणं लेकीने खोडायचं? तरी ती तेच पुटपुटली. पुन्हा पुन्हा पुटपुटली. आणि धावत किनाऱ्यावर आली.

सूर्य पाण्याला टेकायला आला तेव्हा सहदेवची होडी दिसली. मागे दोरखंडाने बांधलेली दुसरी होडी. त्या दुसऱ्या होडीत माणूस आहे की नाही, ते लांबून कळेना. यशोदेने डोळे गच्च मिटून घेतले आणि म्हणाली, "तू बग गो. माझ्यान बगवणा नाय."

संचिताने पाहिलं. होडीत कोणी नव्हतं. मग तळातून एक डोकं वर आलं, मुंडासं बांधलेलं, आणि दोन हात दोरखंड ओढू लागले. बाबली पाणी उपसायला खाली वाकला होता.

"आसत गो आये! आसत!" ती किंचाळली.

यशोदा उठली ती थेट गुडघाभर पाण्यात. "शिरा पडो तुमच्या त्या इंजिनार!" ती ओरडत होती, रडत होती, आणि बाबली खाली उतरल्यावर तिने त्याच्या दंडावर दोन चापट्या मारल्या. सहदेव म्हणाला, "पार भायर गेल्लो. अर्धो तास उशीर झालो आसतो तर काळोखात गावाचो नाय हुतो." मग त्याच्या लक्षात आलं की हे आत्ता बोलायचं नव्हतं, आणि तो जाळं आवरायला लागला.

घरी येऊन बाबली पेजेची वाटी हातात घेऊन बसला. ओठ मिठाने फुटलेले, पण हात अगदी स्थिर. संचिता त्याच्यासमोर बसली.

"बाबा, तुमी देवाक काय सांगलास ता माका गुरवकाकान सांगल्यानी."

"तो मेलो बोलघेवडो," बाबली म्हणाला.

"कित्याक सांगलास तसा?"

बाबलीने पेजेचा एक घोट घेतला. "खरा ता सांगलंय. काल रातीच माका कळला, देवाचो मोठो म्हणजे खयचो तो. मी सकाळी तुका म्हणाक व्हया हुता, जा, बदलून हाड. नाय म्हटलंय. बदललंस तर तू म्हापशाक जातलंस. म्हणजे कौल मीच मोडलंय मा? मग शिक्षा माका होवक व्हयी."

"आणि इंजिन बंद पडला तेव्हा?"

"तेव्हा म्हटलंय, बरा झाला. देवाचा नि माझा फिटला. चेडू सुटला." तो अगदी साधेपणाने म्हणाला. "भिया नाय वाटला माका. खोटा कशाक सांगू."

यशोदा चुलीपाशी तोंडावर पदर घेऊन हुंदका दाबत होती.

संचिताने लॅपटॉप खोक्यात भरायला घेतला. वायर गुंडाळली, थर्माकोल बसवला. "मी उद्या कुडाळाक जातंय," ती म्हणाली. "बदलून हाडतंय. रविराजाक सांगलंय. उरलेल्या पैशात तुमी इंजिन करून घेवा. तोपर्यंत दरयात जावचा नाय."

"मी देवाक सांगलंय, मी मोडलंय म्हणान. आता परत दिलंस तर मी देवासमोर खोटो पडतलंय."

"पडा खोटे!" यशोदा चुलीपासून कडाडली. "देवासमोर खोटे पडा नायतर उताणे पडा, माका घोव जितो होयो!"

बाबली खोक्याकडे बघत बसला. संचिताने खोक्यावर चिकटपट्टी लावली.

"म्हणजे तू म्हापशाक जातलंस," तो म्हणाला.

"सोमवारी."

"थयसर खंय ऱ्हवतलंस?"

"ऑफिसातल्या दोन पोरी आसत. तेंच्या खोलयेत."

"तेंची वळख आसा तुका?"

"होतली."

बाबली वाटी खाली ठेवायला गेला. दिवसभर मोकळ्या समुद्रावर बंद इंजिनाजवळ बसून ज्या माणसाला भीती वाटली नव्हती, त्याला आता ती वाटीही नीट ठेवता आली नाही. पेज जमिनीवर हिंदकळली. त्याने ती पंच्याने पुसली, आणि पुसून झाल्यावरही तीच जागा पुसत राहिला.

"शनवारी येतलंस मा?"

"येतलंय, बाबा."

"दर शनवारी?"

"दर शनवारी," संचिता म्हणाली. म्हापशाच्या ऑफिसात शनिवारी सुट्टी असते की नाही, हे तिने साहेबाला अजून विचारलंच नव्हतं.